लव्हाझिए दांपत्य ४८ इंचांत: एका घरासाठी तैलप्रतिकृती निवडताना

कर्वेनगरमधलं एक निवृत्त जोडपं. मॅडम महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवायच्या, सर बँकेत होते. फ्लॅटचं नूतनीकरण झालं, दिवाणखान्यातली जुनी शोकेस गेली आणि सोफ्यामागची अख्खी भिंत मोकळी झाली. तिथे काय लावायचं यावर घरात चर्चा झालीच नाही, कारण मॅडमचं आधीच ठरलं होतं: फ्रेंच चित्रकार झाक-लुई दाविदने १७८८ मध्ये रंगवलेलं रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिए आणि त्याची पत्नी मारी-आन यांचं चित्र. द्रव्य अक्षय्यतेचा नियम शिकवताना पुस्तकाच्या कोपऱ्यात ते टपाल तिकिटाएवढं छापलेलं असायचं. आता ते मोठं हवं होतं, आणि छापील पोस्टर नको, कॅनव्हासवर हाताने तैलरंगात केलेलं हवं होतं.

मी चित्रकलेचं शिक्षण घेतलं असलं तरी आता मुख्य काम मधल्या माणसाचं करतो. लोकांना प्रतिकृती किंवा व्यक्तिचित्र करून घ्यायचं असतं, तेव्हा चित्र, माप आणि चित्रकार ठरवून देतो. मॅडमनी मला बोलावलं तोवर त्यांच्या हातात दोन कोटेशन्स होती. एक ऑनलाइन विक्रेत्याचं, दुसरं कोल्हापूरच्या एका चित्रकाराचं. दुसरं पहिल्याच्या साडेतीनपट. मॅडमचा पहिला प्रश्न सरळ होता, ‘‘दोघंही म्हणतात हाताने रंगवतो. मग एवढा फरक कसला?’’

मापाचा घोळ

विक्रेत्याने ३६ बाय २४ इंच सुचवलं होतं. मूळ चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे, २५९.७ बाय १९४.६ सेंटिमीटर, म्हणजे साडेआठ फूट उंच. उंची आणि रुंदीचं गुणोत्तर १.३३. ३६ बाय २४ चं गुणोत्तर १.५. उंची ३६ ठेवायची तर रुंदी २७ लागते. विक्रेत्याच्या तयार फ्रेममध्ये ते बसत नव्हतं, म्हणून बाजूचे तीन इंच छाटलेले होते. हे त्याने सांगितलं नव्हतं, पण पाठवलेल्या नमुना-चित्रात दिसत होतं.

तीन इंच म्हणजे काय गेलं? उजवीकडे जमिनीवर ठेवलेलं काचेचं मोठं गोल भांडं अर्धं कापलं गेलं. डावीकडे, मारी-आन लव्हाझिएच्या मागे, खुर्चीवर एक चित्रांची वही टेकवून ठेवली आहे, ती जवळजवळ नाहीशी झाली. ही वही शोभेला नाही. मारी-आन दाविदकडेच चित्रकला शिकली होती आणि नवऱ्याच्या १७८९ च्या रसायनशास्त्राच्या ग्रंथातल्या उपकरणांच्या आकृत्या तिने स्वतः काढल्या होत्या. चित्रात तिच्या कामाचा तेवढाच पुरावा आहे.

‘‘म्हणजे भांडी ठेवली आणि बाईचं काम कापलं,’’ मॅडम म्हणाल्या. तिथेच ३६ बाय २४ बाद झालं.

दुसरी अडचण चेहऱ्यांची. दाविदच्या या चित्रात माणसं जवळपास खऱ्या आकाराची आहेत. प्रतिकृती लहान करत गेलं की चेहरा किती उरतो याचा हिशेब बहुतेक लोक करत नाहीत, आणि माझ्या मते व्यक्तिचित्राच्या प्रतिकृतीत पहिला हिशेब तोच. २४ बाय १८ इंचांत हे चित्र केलं तर ते मुळाच्या पाव पटीच्याही खाली येतं, चेहरा पाच सेंटिमीटरच्या आसपास. एवढ्याशा जागेत दाविदची रेषा, ओठांचा कोपरा, पापणीखालची छाया उतरवणारा हात फार थोड्यांकडे असतो. ४८ बाय ३६ इंच केलं तर गुणोत्तर तंतोतंत जुळतं आणि चित्र मुळाच्या सुमारे ४७ टक्के राहतं. चेहरा साधारण दहा सेंटिमीटर. याच्याखाली जाऊ नका, असं मी सांगितलं.

पण ४८ बाय ३६ सोफ्यामागे लागेना. फ्रेमसकट उंची ५४ इंच. सोफ्याची पाठ ३४ इंचांवर, त्यावर किमान आठ इंच मोकळे सोडायचे, म्हणजे फ्रेमचा तळ साडेतीन फुटांवर. मारी-आनचा चेहरा चित्राच्या बराच वरच्या भागात आहे. तो जमिनीपासून पावणेसात फुटांवर गेला असता. तोंडी हिशेब सरांना पटेना, म्हणून जुनी वर्तमानपत्रं चिकटवून पूर्ण मापाचा कागद केला, त्यावर दोन चेहऱ्यांच्या जागी मार्करने वर्तुळं काढली आणि भिंतीवर लावला. सर सोफ्यावरून उठून समोर उभे राहिले, मान वर केली आणि म्हणाले, ‘‘हे देवळाच्या कळसाकडे बघितल्यासारखं आहे.’’

तो कागद आठवडाभर घरभर फिरला. जेवणाच्या टेबलाजवळची भिंत मॅडमना आवडली होती, पण स्वयंपाकघर ओपन आहे. रोजच्या फोडणीची तेलकट वाफ वॉर्निशवर बसते, त्यावर धूळ चिकटते आणि दोन-तीन वर्षांत चित्रावर पिवळट थर दिसायला लागतो. पश्चिमेकडची भिंत बाहेरची. पावसाळ्यात तिच्यावर ओल येते हे सरांनीच सांगितलं. शेवटी दिवाणखाना आणि अभ्यासिका यांच्या मधली आतली भिंत ठरली. तिथे खाली फर्निचर नाही, फ्रेमचा तळ अडीच फुटांवर ठेवता आला, आणि लव्हाझिएचा चेहरा नजरेच्या पातळीला, मारी-आनचा त्याहून थोडा वर आला. मूळ चित्रातही नातं तेच आहे: तो खुर्चीत बसून तिच्याकडे वर बघतो, ती आपल्याकडे.

बाकीचे उमेदवार

घरात मॅडम एकट्या नव्हत्या, म्हणून दुसरे पर्यायही बघितले. सोफ्याच्या भिंतीला आडवं चित्र शोभतं. दाविदचंच १८०० चं मादाम रेकामिएचं चित्र, लूव्रमधलं, आडवं आहे, सुमारे १७४ बाय २४४ सेंटिमीटर. ४८ इंच रुंदीत ते बरोबर निम्मं होतं. सरांना ते आवडलं. मॅडमचा शेरा: ‘‘ही बाई आपल्या घरात पाय पसरून का बसली आहे?’’

माझा आक्षेप वेगळा होता. ते चित्र अपूर्ण आहे. मागची भिंत दाविदने पातळ तपकिरी रंग कोरड्या ब्रशने घासून सोडून दिली आहे, आणि चित्राचा अर्धा जीव त्या घासलेल्या रिकाम्या जागेत आहे. प्रतिकृती करणाऱ्याला रिकामी जागा सहन होत नाही. तो ती एकसारख्या बिस्किटी रंगाने भरून टाकतो. आम्ही तीन ठिकाणची कामं फोटोंत पाहिली, तिन्हींमध्ये भिंत नुकतीच रंगवल्यासारखी गुळगुळीत होती. अपूर्ण चित्राची प्रत पूर्ण चित्राच्या प्रतीपेक्षा अवघड असते.

सुनेने एक वेगळंच चित्र पुढे केलं आणि ते मलाही मनापासून आवडतं. मारी-दनीज व्हिलेर हिने १८०१ मध्ये रंगवलेली शार्लोत द्यु व्हाल दोन्य. पांढऱ्या पोशाखातली मुलगी मांडीवर चित्राची पाटी घेऊन बसली आहे, मागे खिडकी, खिडकीची एक काच तडकलेली. प्रकाश तिच्या पाठीमागून येतो. मेट्रोपॉलिटनला हे १९१७ मध्ये दाविदचं म्हणून मिळालं होतं. १९५१ मध्ये ते दाविदच्या नावावरून निघून कॉन्स्तांस शार्पांतिएच्या नावावर गेलं, आणि १९९० च्या दशकात व्हिलेरचं ठरलं. नाव बदललं म्हणून चित्राचा एक ब्रशही इकडचा तिकडे झाला नाही. प्रतिकृती घेणाऱ्याने नावाच्या वजनापेक्षा चित्र बघावं, असं मी म्हणतो, तेव्हा माझ्यासमोर हेच उदाहरण असतं.

शिवाय हे मापाला सोयीचं. मूळ १६१.३ बाय १२८.६, गुणोत्तर १.२५, म्हणजे ३० बाय २४ इंचांत काहीही न कापता बसतं. आणि ३० बाय २४ मध्येही ते मुळाच्या ४७ टक्केच राहतं. लव्हाझिए ४८ इंचांत आणि ही मुलगी ३० इंचांत: चेहरे सारख्याच आकाराचे, कॅनव्हास मात्र निम्म्याहून कमी. पैसेही त्याच प्रमाणात. भिंत लहान असेल तर मोठं चित्र लहान करण्यापेक्षा मुळात लहान चित्र निवडावं, ते यासाठी.

सरांनी शेवटी जरा खट्याळपणे विचारलं, ‘‘दाविद पॅरिसला हे करत होता तेव्हा आमच्या पुण्यात कोणी काही रंगवत होतं की नाही?’’ होतं की. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९२ मध्ये पुण्यात होता आणि त्याने सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांना एकत्र रंगवलं. ते चित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. शैली दाविदची नाही, पण काळ तोच. सरांना नाना हवेत हे त्या दिवशी कळलं. मॅडमनी तो विषय अभ्यासिकेच्या भिंतीपर्यंत पुढे ढकलला.

भिंगाखाली

चित्र ठरलं, आता हात ठरवायचा. दोघांकडूनही दहा बाय बारा इंचांचा नमुना मागितला: मारी-आनचा नवऱ्याच्या खांद्यावर टेकलेला हात, मनगटावरच्या पांढऱ्या बाहीसकट. नमुन्याचे पैसे वेगळे दिले. फुकट नमुना मागू नये, फुकट मिळालेला नमुना दुसऱ्याच कुणीतरी केलेला असू शकतो.

विक्रेत्याचा नमुना देखणा आला. लांबून निर्दोष. मॅडमनी कपाटातून दहापटीचं भिंग काढलं, खिडकीशी नेऊन बोटांवर धरलं आणि मला हाक मारली. बोटाच्या कडेला बारीक निळे, गुलाबी, पिवळे ठिपके. कॅनव्हासवर छपाई, त्यावर पारदर्शक जेलने ब्रशचे फराटे. ते फराटे पाहिले की आणखी एक गोष्ट लक्षात येते: रंगवणाऱ्याचा ब्रश बोटाच्या गोलाईबरोबर वळतो, हे फराटे बोट असो की बाही, सगळीकडे आडवेच गेले होते. कडेचा दुमडलेला कॅनव्हासही पाहिला. हाताने रंगवलेल्या कामात तिथे कुठेतरी रंग सांडतो, अस्तराचा थर कमी-जास्त दिसतो. इथे छपाईची सरळ सीमा होती.

स्वस्तातली सगळीच कामं अशी असतात असं नाही. चीनमध्ये शेंझेन शहरातल्या दाफेन गावात १९८९ पासून खरोखर हाताने प्रतिकृती रंगवल्या जातात आणि तिथल्या कारागिरांचा हात चांगला असतो. पण घाईच्या कामाला व्हॅन गॉग मानवतो, दाविद मानवत नाही. व्हॅन गॉगचा जाड फराटा एका बैठकीत ओल्यावर ओला पडू शकतो. दाविदच्या नवअभिजात शैलीतल्या त्वचेला एक थर वाळू द्यावा लागतो, त्यावर दुसरा पातळ थर, मग तिसरा, आणि शेवटी ब्रशची खूण पुसून टाकायची असते. ज्याला नगावर पैसे मिळतात, तो हे करणार नाही. करता येऊ नये अशी त्याची अडचणच असते.

कोल्हापूरचा नमुना अस्सल होता, आणि तरीही चुकीचा. याचं कारण सांगायला हवं. आबालाल रहिमान, बाबुराव पेंटर यांच्या गावात व्यक्तिचित्राची परंपरा जिवंत आहे आणि हा चित्रकार तिच्यातच तयार झालेला. सुटा, रसरशीत ब्रश. बोटांच्या सांध्यांवर उजेडाचे ठाम ठोकळे, सावलीत उबदार तपकिरी. हात सुंदर होता, दाविदचा नव्हता. दाविदच्या हाताला कड आहे: रेषेने आखलेली, आत रंग बर्फासारखा शांत. आपल्याकडच्या वास्तववादी शिक्षणात ज्या मोकळ्या फटक्याचं कौतुक होतं, तोच इथे दोष ठरतो. मी त्यांना फोनवर म्हटलं, ‘‘दादा, तुमचा ब्रश दिसतोय.’’ ते हसले. म्हणाले, ‘‘तोच दाखवायला शिकवलंय आम्हाला.’’

दुसरा नमुना त्यांनी स्वतःहून, पैसे न घेता केला. करड्या रंगात आधी पूर्ण हात, वाळल्यावर वर पातळ रंगलेप. बाहीची किनार एका बारीक ब्रशने, थरथर न होता. त्याच दिवशी काम त्यांना दिलं.

फोटो कुठला, लाल कुठला

त्यांच्याकडे संदर्भाला जो फोटो होता तो कुठून तरी उतरवलेला, पिवळसर. त्यात मारी-आनचा पांढरा पोशाख मलईसारखा दिसत होता आणि निळा कमरपट्टा हिरवट. मेट्रोपॉलिटनने २०१७ पासून आपल्या संग्रहातल्या हक्कमुक्त चित्रांचे मोठे फोटो कुणालाही वापरायला खुले केले आहेत. ते उतरवून, फोटो लॅबमध्ये छापून पाठवले. दाविद १८२५ मध्ये वारला, त्यामुळे चित्रावरच्या हक्काचा प्रश्न नाही.

चित्राचा मोठा भाग टेबलावरच्या लाल मखमलीने व्यापला आहे. तो लाल फसला तर चित्र गेलं. नळीतला लाल तसाच चोपडला की तो पुढे उडी मारतो आणि काळ्या पोशाखातला लव्हाझिए मागे पडतो. इथे खाली तपकिरीकडे झुकणारा लाल घेऊन, वाळल्यावर वर गडद पारदर्शक लालाचे दोन थर दिले. घड्यांमध्ये तो आत ओढला गेला. मॅडमनी यात फार रस घेतला. टेबलावरची उपकरणं मात्र त्यांनी स्वतः तपासली. पाऱ्याची पातळी, काचेच्या हंडीचा तोटीशी जोड, सगळं फोटोशी पडताळून चित्रकाराला दोन दुरुस्त्या कळवल्या. हे काम माझ्याकडून झालं नसतं.

त्या उपकरणांची एक गंमत आहे. २०२१ मध्ये मेट्रोपॉलिटनच्या संशोधकांनी या चित्राच्या आतल्या थरांचा अभ्यास जाहीर केला. दाविदने आधी मारी-आनला फुला-फितींनी सजवलेली मोठी टोपी घातली होती आणि टेबलावर ही वैज्ञानिक उपकरणं नव्हती. म्हणजे पहिल्या आराखड्यातलं जोडपं श्रीमंत, फॅशनेबल करवसुली-ठेकेदाराचं होतं, जो लव्हाझिए होताच. नंतर त्याने त्यांना विज्ञानाचं जोडपं केलं. या चित्रासाठी दाविदला ७,००० लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन) मिळाले. सहाच वर्षांनी, ८ मे १७९४ रोजी, करवसुलीच्याच आरोपावरून लव्हाझिएला गिलोटिनवर नेलं, मारी-आनच्या वडिलांनाही त्याच दिवशी. दाविद तेव्हा क्रांतिकारी सरकारात मोठ्या पदावर होता.

पैसे चार टप्प्यांत द्यायचं ठरलं: रेखांकन, करडा थर, रंग, पूर्ण. प्रत्येक टप्प्याचा फोटो सावलीतल्या दिवसाच्या उजेडात, समोरून. रेखांकन नीट होतं. करड्या थरात गडबड सापडली. लव्हाझिएची नजर बायकोच्या चेहऱ्यावर न जाता तिच्या डोक्यावरून छताकडे चालली होती. डाव्या बुबुळाची जागा केसाएवढी वर गेलेली. दहा सेंटिमीटरच्या चेहऱ्यात केसाएवढा फरक म्हणजे प्रेमळ नवऱ्याऐवजी कंटाळलेला नवरा. करड्या थरात ही दुरुस्ती दहा मिनिटांची. रंग चढल्यावर चेहरा खरवडावा लागला असता. टप्प्यांचे फोटो मागायचं कारण हेच, आणि जो चित्रकार ते द्यायला नाखूष असतो, त्याच्याकडे मी काम देत नाही.

सही करायची नाही, हेही लिहून घेतलं. मूळ चित्रात डाव्या खालच्या कोपऱ्यात दाविदची सही आणि साल आहे. प्रतीत ती जागा कोरी ठेवली. मागे कॅनव्हासवर ‘दाविदच्या १७८८ च्या चित्रावरून’, चित्रकाराचं नाव आणि साल. लूव्रमध्ये बसून प्रत करणाऱ्यांनाही मुळाच्या मापाची प्रत करता येत नाही, आणि सहीची नक्कलही चालत नाही. शंभर वर्षांनी कुणाच्या तरी कपाटातून हे निघालं तर घोटाळा नको.

भिंतीवर

फ्रेमवाल्याने पहिल्यांदा वेलबुट्टीची, कोपऱ्यात शिंपले असलेली सोनेरी पट्टी काढली. सगळे तीच दाखवतात. ती दाविदच्या आधीच्या पिढीची, ज्या थाटाला कंटाळून ही शैली आली. तीन इंची, सरळ, मंद सोनेरी, आत एक मण्यांची बारीक ओळ, एवढंच घेतलं. काच नाही. स्ट्रेचरच्या, म्हणजे कॅनव्हास ताणायच्या लाकडी चौकटीच्या, कोपऱ्यांत लाकडी पाचरी आहेत याची खात्री केली, कारण पावसाळ्यात कॅनव्हास सैल पडतो आणि पाचर हलकेच ठोकली की परत ताणला जातो. फ्रेमच्या मागे चारही कोपऱ्यांत बुचाचे तुकडे चिकटवले, म्हणजे भिंत आणि चित्र यांच्यात हवा खेळते आणि बुरशी धरत नाही.

दिवा वरून तिरका, ३००० केल्विनचा, रंग नीट दाखवणारा. आधी इलेक्ट्रिशियनने पांढराफटक लावला होता. त्यात मखमल मरून गेली आणि मारी-आन आजारी दिसायला लागली. सरांनीच तो बदलून घेतला.

चित्र जून महिन्यात आलं. रंग वरून वाळला असला तरी आतून वाळायला वेळ लागतो, म्हणून सध्या फक्त पातळ तात्पुरतं वॉर्निश आहे. पक्कं, अर्धमंद वॉर्निश डिसेंबरमध्ये, कोरड्या हवेत, चित्रकार स्वतः येऊन देणार आहेत, आणि शेवटचा हप्ता तेव्हाच. सुनेनेही मधल्या काळात व्हिलेरची ३० बाय २४ ची ऑर्डर त्यांच्याकडेच दिली. या वेळी नमुन्याला हात मागितला नाही, खिडकीची तडकलेली काच मागितली. सरांनी अभ्यासिकेतल्या भिंतीचं माप मला कळवलं आहे.